शिडाचा दोर

१५ ऑगस्टच्या सकाळी कितीतरी शाळांच्या पटांगणात एक छोटा पेच उभा राहतो. झेंडा अर्ध्यावर जातो आणि अडकतो. रात्रभर पाऊस पडून गेलेला असतो, दोर भिजून फुगलेला असतो, वरची कप्पी गंजलेली असते. खाली पाहुणे ताटकळत असतात आणि गुरुजी दोराला हिसके देत असतात. शहापूर तालुक्यातील खर्डीसारख्या गावात, जिथे ऑगस्टमध्ये पावसाला खळ नसतो, तिथल्या शिक्षकांना याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. हिसके देता देता दोर तुटलाच तर खरी अडचण पुढे असते. खांबावर चढणार कोण?

हीच अडचण माणसाला गेली दोन हजारांहून अधिक वर्षे समुद्रावर भेडसावत आली आहे. ध्वजस्तंभ म्हणजे जमिनीत रोवलेली डोलकाठीच. वर एक कप्पी, तिच्यावरून जाणारा दोर, दोराच्या एका बाजूला फडकवायचे कापड आणि दुसऱ्या बाजूला खेचणारा माणूस. इंग्रजीत शीड चढवण्याच्या दोराला आणि झेंडा चढवण्याच्या दोराला एकच शब्द आहे, हॅलयार्ड. या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘खेचणारा’ एवढाच होता. त्यातला ‘यार्ड’, म्हणजे शिडाचा आडवा वासा, लोकांच्या तोंडी मागाहून चिकटला. या दोराचा आणि त्याच्या कप्पीचा इतिहास फारसा कोणी लिहीत नाही. जहाजांचे इतिहास सागवानाचे, तोफांचे आणि सरदारांचे असतात. दोर म्हणजे झिजणारी, फेकून द्यायची वस्तू. तिचा इतिहास कोण ठेवणार? आम्हांला मात्र ती झिजते म्हणूनच तिच्याकडे पाहावेसे वाटते.

कोकणच्या किनाऱ्यावरची जुनी शिडाची होडी, मचवा किंवा गलबत डोळ्यांपुढे आणा. डोलकाठी किंचित पुढे झुकलेली. तिच्यावर एक लांबच लांब तिरपा वासा आणि त्या वाशाला बांधलेले मोठे शीड. वासा शिडासकट वर न्यायचा म्हणजे चार-सहा खलाशांचे काम. त्यासाठीचा जाड दोर डोलकाठीच्या टोकावरून मागच्या बाजूला उतरतो आणि होडीच्या काठाशी, वारा येतो त्या बाजूला, कप्प्यांच्या जोडीने घट्ट बांधला जातो. आता गंमत पाहा. वारा मागून किंवा बाजूने शिडाला ढकलतो आणि शीड डोलकाठीला पुढे ओढते. तिला मागे धरून ठेवते कोण? युरोपी जहाजांवर त्यासाठी वेगळे, कायमचे ताणदोर असत. आपल्याकडच्या आणि अरबांच्या अशा होड्यांत हे काम बरेचसे शीड चढवणारा दोरच करत असे. म्हणजे तो तुटला तर नुसते शीड खाली येऊन भागत नसे, डोलकाठीचा आधारच जाई. भर वाऱ्यात असे झाले की तांडेलाच्या हाती फारसे काही उरत नसे.

कप्पीचे गणितही इथेच पाहून घेऊ. पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो की स्थिर कप्पी बल कमी करत नाही, फक्त त्याची दिशा बदलते. हे खरे आहे, पण त्यातली अर्धी गोष्ट राहून जाते. खालून आपण १० किलोच्या वजनाइतके बल लावून दोर खेचत असू, तर दोराच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढाच ताण असतो. दोन्ही बाजू खाली ओढतात. म्हणून कप्पीच्या आसावर, म्हणजे तिच्या मधल्या खिळ्यावर, २० किलोंचा भार येतो. दोरावर जेवढा ताण, त्याच्या दुप्पट भार वरच्या लोखंडावर. दोर आपल्या डोळ्यांसमोर असतो, तो झिजलेला दिसतो. दुप्पट भार सोसणारा तो खिळा मात्र कोणाला न दिसता वर गंजत असतो. विहिरीवरच्या कप्पीबद्दलही हेच म्हणता येईल. तिथे निदान ती हाताशी असते.

आता दोराकडे वळू. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण माणसांच्या हट्टाबद्दल वापरतो. ज्याने ती पहिल्यांदा उच्चारली त्याने दोर नीट पाहिलेला असणार. नारळाच्या काथ्याचा एकेक तंतू जेमतेम वीतभर लांब असतो. तरीही त्याचा शंभर हात लांब दोर होतो, तो केवळ पिळामुळे. तंतू एका दिशेने पिळून सूत करायचे. सुताचे पदर उलट दिशेने पिळायचे. ते पदर पुन्हा पहिल्या दिशेने एकत्र वळायचे. प्रत्येक पायरीवरचा पीळ उलगडू पाहतो, पण तो उलगडायला लागला की पुढच्या पायरीचा पीळ अधिक घट्ट होतो. दोघे एकमेकांना अडवून धरतात. वर ताण आला की तंतू एकमेकांवर अधिक दाबले जातात आणि घर्षण वाढते. म्हणजे ओढाल तितका दोर स्वतःला अधिक घट्ट पकडतो. देशावरच्या गावगाड्यात दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. नांगराची चऱ्हाटे, मोटेचा नाडा, बैलांचे कासरे त्यांच्या हातचे. त्या हातांना जे यंत्रशास्त्र अवगत होते ते आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात कुठेही नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे.

पण सगळे तंतू सारखे नसतात. काथ्या तुटण्यापूर्वी चांगला ताणला जातो, मूळ लांबीच्या पाव पटीच्या आसपास. ताग फक्त दोन-तीन टक्के ताणला जातो आणि मग तुटतो. यातला चांगला कोणता? उत्तर कामावर अवलंबून आहे. नांगराच्या दोराला लाटेचा प्रत्येक हिसका सोसायचा असतो. तिथे ताणला जाणारा काथ्याच हवा. तो पाण्यावर तरंगतो, हा आणखी एक फायदा. शिडाच्या दोराला मात्र ताणले जाण्याचे स्वातंत्र्य नाही. तो हातभर जरी सैल पडला तरी शिडाची पुढची कड ढिली होते, शिडाला पोट सुटते, आणि वाऱ्याच्या तिरप्या दिशेने जाण्याची होडीची क्षमता घटते. म्हणून तिथे कमी ताणला जाणारा, तागासारख्या तंतूचा दोर बरा. आज शेतकरी हिरवळीचे खत म्हणून जो ताग पेरतात, तोच हा. त्याचा जहाजाशी संबंध होता हे आता कोणाच्या ध्यानीही येत नाही.

ताणाच्या बाबतीत ताग जिंकतो, पण कुजण्याच्या बाबतीत हरतो. याचे कारण लिग्निन नावाच्या पदार्थात आहे. लाकडाला कठीणपणा देणारा हा पदार्थ काथ्यात ४० टक्क्यांच्या वर असतो. तागात तो अगदी थोडा, बाकी बहुतेक सेल्युलोज. सूक्ष्मजीवांना सेल्युलोज पचते, लिग्निन सहजी पचत नाही. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला निरनिराळ्या भारतीय तंतूंच्या दोऱ्या वळवून त्यांना वजने टांगून पाहिली, आणि मग त्या काही महिने साचलेल्या पाण्यात बुडवून पुन्हा तपासल्या. काहीही न लावलेल्या अनेक दोऱ्या कुजून गेल्या. काथ्याने आपले बरेचसे बळ राखले. डांबर लावलेल्या आणि सालीच्या काढ्यात भिजवलेल्या दोऱ्यांचीही त्यांनी वेगवेगळी परीक्षा घेतली होती. प्रयोग किती साधा आणि किती चोख! एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे सारखे ठेवायचे.

सालीचा काढा हा रॉक्सबर्ग यांचा शोध नव्हे. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी जाळी आणि दोर ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढत. सालीतले टॅनिन तंतूवर बसते आणि सूक्ष्मजीवांना रोखते. चामडे कमावताना घडते तेच. आणि इथे आपण पुन्हा खर्डीजवळ येतो. खर्डी स्टेशनावर उतरले तर समुद्र आठवण्याचे काहीच कारण दिसत नाही. समोर कसाऱ्याकडे चढत जाणारा सह्याद्री, एका अंगाला तानसा आणि वैतरणेचे खोरे, दुसऱ्या अंगाला भातसा. पण भोवतालच्या जंगलातली झाडे मोजा: साग, ऐन, पळस, केवण. होडीच्या फळ्यांना सागासारखे लाकूड नाही. ऐनाची साल दोराला नि जाळ्याला. पळसाच्या मुळ्या कुटून निघणारा राठ तंतू होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला वापरत, आणि त्याचे ओबडधोबड दोरही वळत. केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या, सालीचा दोर ठाकूर-कातकरी वस्त्यांवर कूड बांधायला, भारे बांधायला वापरला गेला आहे. खर्डीच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसेल, पण होडीला लागणाऱ्या सामानाचा निम्मा वर्ग त्यांच्या शाळेच्या मागेच उभा आहे.

मुंबईत जहाजांसाठी दोर वळण्याची जागा होती. काळा घोड्याच्या परिसरातली रोपवॉक लेन ही गल्ली आजही त्याची आठवण सांगते. दोर वळायला एवढी लांब जागा का लागते, हे मुलांना विचारण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीत जेवढा लांब दोर हवा, त्याहून लांब पदर सरळ ताणून ठेवावे लागत, आणि पीळ देता देता त्यांची लांबी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटे. इंग्लंडमधल्या चॅटम गोदीतली दोर वळण्याची इमारत ३४६ मीटर लांब आहे. कामगार तिच्यात दिवसभर चालत. ‘रोपवॉक’ मधला ‘वॉक’ तो.

या साऱ्यामागे मोठे राजकारण होते. ब्रिटनच्या आरमाराचे दोर रशियातून येणाऱ्या हेंपचे असत. नेपोलियनच्या काळात तो पुरवठा अडचणीत आला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचे लक्ष भारतीय तागाकडे गेले. १८५३ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू झाले आणि पुन्हा तेच. १८५५ मध्ये जॉन फोर्ब्स रॉइल यांनी भारतातल्या तंतू देणाऱ्या वनस्पतींवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात रॉक्सबर्ग यांचे जुने प्रयोगही मांडले. एका साम्राज्याला दुसऱ्या साम्राज्याकडून दोर विकत घ्यावा लागतो, ही त्या काळातली खरी चिंता होती. आज तेलाबद्दल जे बोलले जाते तेच तेव्हा हेंपबद्दल बोलले जाई.

कप्पीची गोष्ट तर आणखी मोलाची, पण ती अभियांत्रिकीच्या पुस्तकात अडकून पडली आहे. ७४ तोफांच्या एका लढाऊ जहाजाला सुमारे हजार कप्प्या लागत. त्या झिजत, फुटत, समुद्रात पडत. ब्रिटिश आरमाराला दरवर्षी एक लाखावर कप्प्या हव्या असत आणि त्या हाताने घडवल्या जात. मार्क ब्रुनेल याने कल्पना मांडली आणि हेन्री मॉडस्ले याने यंत्रे बनवली. पोर्टस्मथच्या गोदीत १८०८ च्या सुमारास ही ४५ यंत्रे पूर्ण चालू झाली, तेव्हा ११० कुशल कारागिरांचे काम १० माणसे करू लागली. वर्षाला १,३०,००० कप्प्या. एकच वस्तू, एकाच मापाची, यंत्रांच्या ओळीतून मोठ्या संख्येने तयार करणे याचा हा जगातल्या पहिल्या नमुन्यांपैकी एक. ज्या भागाला सतत बदलावे लागते तो एकसारख्या मापाचा हवा, ही गरज त्यामागे होती. शिल्लक १०० कारागिरांचे काय झाले, हा प्रश्न तांत्रिक इतिहासात सहसा विचारला जात नाही. वर्गात तो अवश्य विचारावा.

याच काळात मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानी जहाजे बांधली जात होती. त्यांपैकी ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडले गेले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. त्याच्या सांगाड्यातला मोठा भाग मूळचा सागवानी आहे. दोरांचे काय? १९९० नंतरच्या दहा-अकरा वर्षांच्या दुरुस्तीत त्याच्यावर सगळा दोरसरंजाम नव्याने चढवावा लागला. दोनशे वर्षांत त्याचे दोर किती वेळा बदलले असतील याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. लाकूड दोनशे वर्षे टिकते, दोर काही वर्षे. जहाजाचे आयुष्य मोजायचे ते लाकडावरून, पण जहाज आज चालेल की नाही हे ठरते दोरावरून.

पुढचा टप्पा खाणीतून आला. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींत दोर आणि साखळ्या तुटून अपघात होत. तिथल्या विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने १८३४ मध्ये लोखंडी तारांना पीळ देऊन दोर बनवला. साखळीची एक कडी तुटली की सगळे संपते. तारदोरातली एक तार तुटली तर तिचा भार शेजारणी वाटून घेतात. काही दशकांत हा तारदोर डोलकाठीच्या कायमच्या ताणदोरांसाठी जहाजांवर आला, आणि पुढे शीड चढवायलाही. तो ताणला जात नाही, कुजत नाही. पण त्याला लहान कप्पीवरून वाकणे सोसत नाही. प्रत्येक फेरीत तारा वाकतात, सरळ होतात, आणि हाताने तार पुढेमागे वाकवून तोडतो तशा एकेक करून तुटतात. म्हणजे दोर सुधारला, तर मागणी कप्पीकडे गेली: चाक मोठे हवे, खाच वेगळी हवी. पुढेही प्रत्येक वेळी असेच झाले आहे. एक दुवा बळकट केला की कमजोरी शेजारच्या दुव्यात जाऊन बसते.

मग आले रसायनशास्त्र. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन बनवले. नायलॉनचा दोर मजबूत खरा, पण चांगला ताणला जाणारा, आणि भिजला की थोडा दुबळा होणारा. नांगरासाठी उत्तम, काथ्याची जागा त्याने घेतली. शिडासाठी नको. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला, ज्याला पुढे टेरिलिन हे नाव मिळाले. आपल्या पिढीच्या वडिलांचे टेरिलिनचे शर्ट ज्यांना आठवतात त्यांना त्याचा गुण सांगायला नको: तो चुरगळत नाही, ताणला जात नाही. शिडाच्या दोराला हवा तो धागा हाच. जुनी वाटणी पुन्हा जशीच्या तशी जुळली, काथ्याच्या जागी नायलॉन आणि तागाच्या जागी पॉलिएस्टर. कृत्रिम धाग्यांचे दोर महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर बनू लागले. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या गरवारे-वॉल रोप्स या कंपनीचे कारखाने पुणे आणि वाई इथले. तिचे नाव आता गरवारे टेक्निकल फायबर्स आहे. वाईच्या घाटावरून समुद्र दिसत नाही, तरी मासेमारीची जाळी आणि दोर तिथून जातात. खर्डीच्या ऐनाचीच ही नवी आवृत्ती म्हणायची.

अलीकडच्या धाग्यांपैकी एक पॉलिथिनचा. होय, दुधाच्या पिशवीतलेच पॉलिथिन. पिशवीत त्याचे लांब रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे असतात. १९७९ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी अतिलांब रेणूंचे पॉलिथिन द्रावकात विरघळवून, त्याचा जेलीसारखा धागा खूप ताणून, हे सारे रेणू एका दिशेत आणले. सारख्या वजनाच्या पोलादी तारेपेक्षा हा धागा कितीतरी पट बळकट असतो, वर पाण्यावर तरंगतो. पण तो १५० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, म्हणून घर्षणाची उष्णता त्याला सोसत नाही. आणि सतत ताणाखाली तो हळूहळू लांबत जातो. निर्दोष दोर अजून कोणी बनवलेला नाही.

एका लहान शिडाच्या नौकेची कथा या सगळ्याला एकत्र आणते. ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका १९६४ मध्ये मुंबईत बांधून झाली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. असे करणारा तो पहिला. नऊजण त्या शर्यतीत होते, पूर्ण केली त्याने एकट्याने. ३१२ दिवसांत वाटेत दुकान नाही, गोदी नाही. मोडेल ते आपणच नीट करायचे. त्याची सुकाणू आपोआप सांभाळणारी यंत्रणा अर्ध्या वाटेवर कायमची निकामी झाली. नौका मात्र टिकली. पन्नास वर्षांनी तिची मोठी दुरुस्ती केली तेव्हा सागवान शाबूत होते, पण त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजले होते. ते काढून ब्राँझचे बसवावे लागले.

२०१८ मध्ये त्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी पुन्हा तशीच शर्यत झाली. नियम असा की १९६८ मध्ये जे नव्हते ते वापरायचे नाही. पॉलिथिनचे नवे दोरही नाहीत. त्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘सुहेली’ची प्रतिकृती बांधली गेली, ‘थुरिया’. याच गोदीने त्याआधी नौदलाची ‘म्हादेई’ बांधली होती, जिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात, चार बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ‘थुरिया’वर अभिलाष टॉमी होते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलथवली आणि डोलकाठी मोडली. टॉमी उंचावरून पडले, पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. हल (म्हणजे नौकेचे धड) तरंगत राहिले होते. गेले ते वरचे सगळे. या माणसाने २०२३ मध्ये तीच शर्यत पुन्हा करून दुसरा क्रमांक मिळवला, हेही सांगितले पाहिजे.

अशा प्रवासाला निघण्याआधी दोर आणि कप्प्या बदलतात त्या तुटल्या म्हणून नव्हे, तुटण्याआधी. पद्धत जुनीच आहे. जुना दोर काढून टाकायचा नाही. त्याच्या टोकाला नव्या दोराचे टोक भिडवून सुईने शिवायचे. गाठ मारायची नाही, कारण गाठ कप्पीत अडकते. शिवणीवर चिकटपट्टी गुंडाळून ती गुळगुळीत करायची. मग दुसऱ्या बाजूने जुना दोर सावकाश ओढत गेले की नवा त्याच्यामागोमाग वर जाऊन खाली येतो. कोणाला चढावे लागत नाही. म्हणून जुना दोर जिवंत असतानाच तो बदलायचा. ध्वजस्तंभालाही हेच लागू आहे. जून महिन्यात शाळा उघडली की पाच मिनिटांचे काम. दोराची जाडी कप्पीच्या खाचेला जुळणारी हवी. जाड घेतला तर पावसात फुगून अडकेल. फार बारीक घेतला तर चाक आणि गाल यांच्या फटीत घुसून बसेल, आणि मग खरोखरच चढावे लागेल. शिडी लावायची वेळ आलीच तर त्याच फेरीत कप्पीच्या आसाकडे बघून घ्यावे आणि कडीचा आट्याचा खिळा बारीक तारेने बांधून टाकावा, म्हणजे तो थरथरीने सुटणार नाही.

खलाशांची आणखी एक सवय उचलण्याजोगी आहे. शीड पूर्ण वर गेले की दोराचा एक ठरावीक भागच कप्पीवर येतो आणि तिथेच तो झिजतो. बाकीचा दोर नव्यासारखा असतो. म्हणून अधूनमधून टोकाकडचा हातभर तुकडा कापून टाकायचा, किंवा दोराची टोकेच उलटसुलट करायची. झिजण्याची जागा सरकते आणि तोच दोर दुप्पट चालतो. विहिरीच्या दोरालाही हे जमते.

शेवटी वर्गासाठी एक प्रयोग. काथ्याची, सुती, नायलॉनची आणि बाजारात मिळणारी निळी प्लास्टिकची, अशा साधारण सारख्या जाडीच्या चार दोऱ्या घ्याव्यात. प्रत्येकीवर शाईने एक मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात, आणि पाच लिटर पाण्याचा कॅन टांगून अंतर पुन्हा मोजावे. मग दोऱ्या भिजवून कॅन न टांगता मोजावे. सुती दोरी आखडलेली आढळेल. पाण्याने तंतू जाड होतात, पिळाचा वळसा मोठा होतो, म्हणून लांबी कमी होते. त्यानंतर चारही दोऱ्या जानेवारीपासून शाळेच्या गच्चीवर उन्हात बांधून ठेवाव्यात, त्यांचेच चार तुकडे कपाटात अंधारात ठेवावेत. सुट्टी लागण्याआधी दोन्ही संच शेजारी ठेवून मोजावेत, ओढून पाहावेत. निळी दोरी बोटांत चुरडून पाहावी, हाताला काय लागते ते मुलांना वहीत लिहायला सांगावे.